पैसे घ्यायला पिन लागत नाही

शेंगा निवडत असाल, भाकरी थापत असाल, तर हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज आम्ही गटाच्या धंद्यातले पैसे फोनवरून चोरीला कसे जातात आणि ते आपण कसे अडवायचे, यावर बोलणार आहोत. विषय नवा नाही. पण गेल्या वर्षभरात आमच्या मंगळवेढ्याच्या भागात प्रत्येक ग्रामसंघाच्या बैठकीत कुणी ना कुणी उठून असंच काही सांगायला लागलं, म्हणून आम्ही समन्वयकांनी ठरवलं की हे एकदा नीट, सावकाश बोलू.

आधी आपली जुनी पद्धत आठवा. गट सुरू झाला तेव्हा पत्र्याची पेटी होती. पेटी एकीच्या घरी, चावी दुसरीच्या घरी. पेटीवालीकडे चावी नाही, चावीवालीकडे पेटी नाही. पुढं बँकेत खातं निघालं, तिथंही अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांच्यातल्या दोघींच्या सह्या लागतात. एकटीला पैसे काढता येत नाहीत. हे नियम कुणावर अविश्वास म्हणून केलेले नव्हते. एकटी बाई फसू शकते, घाबरू शकते, तिच्यावर घरातून दबाव येऊ शकतो, म्हणून दुसरीची सही.

मग चटणी, पापड, शेवया विकायला लागलो. गिऱ्हाईक म्हणालं, सुट्टे नाहीत, फोनवर पाठवतो. २०१६ साली यूपीआय आलं आणि बघता बघता आठवडा बाजारात कोथिंबिरीच्या ढिगाशेजारीही क्यूआरचा पुठ्ठा उभा राहिला. पण गटाच्या खात्याला दोन सह्या लागतात, म्हणून त्यावर साधं यूपीआय सहसा मिळत नाही. मग काय केलं? सचिवताईंच्या स्वतःच्या खात्याचा क्यूआर लावला. आता पेटीही त्यांच्याच हातात, चावीही त्यांच्याच हातात, आणि दोन्ही मिळून एक फोन. तो फोन दुपारी नातू खेळायला घेतो. हे लक्षात ठेवून पुढचं ऐका.

आमच्याच प्रभागातल्या एका गटाची गोष्ट सांगतो. ताईंचं नाव सांगणार नाही, त्यांनी सांगायला परवानगी दिली आहे ती नाव न घेण्याच्या बोलीवर. गट शेंगाचटणी आणि कडक भाकरी करतो. चटणीच्या पाकिटावर फोन नंबर छापलेला. एके दिवशी दुपारी फोन आला, हिंदीत. मी फौजेतला आहे, आमच्या कॅन्टीनसाठी साठ किलो चटणी पाहिजे. भाव काय? ताईंनी सांगितला. तो म्हणाला, ठीक आहे. बायांनो, इथंच थांबा. साठ किलो माल घेणारा माणूस एक रुपया कमी करा म्हणत नाही! आपल्याकडं पाव किलो घेणारी बाईसुद्धा वर मूठभर मागते. पुढं त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर वर्दीतला फोटो पाठवला, ओळखपत्र पाठवलं, आधार कार्डसुद्धा पाठवलं. ताईंना वाटलं, एवढे कागद दिले म्हणजे माणूस खरा. खरं तर उलट आहे. आपण कुणाला शेंगा विकताना आपलं आधार कार्ड दाखवतो का?

मग तो म्हणाला, आमच्या ऑफिसची पद्धत वेगळी आहे, आधी तुम्ही मला पाच रुपये पाठवा, मी दहा परत पाठवतो, म्हणजे खातं जुळलं असं कळेल. ताईंनी पाच पाठवले, दहा आले. विश्वास बसला. नंतर त्यानं एक क्यूआर पाठवला. हा स्कॅन करा, रक्कम ९,००० दिसेल, ती तुमची आगाऊ रक्कम, पिन टाका की जमा होईल. ताईंनी स्कॅन केला, पिन टाकला, ९,००० गेले. ताईंनी ओरडून सांगितलं, अहो पैसे गेले! तो शांतपणे म्हणाला, मॅडम, तुमच्याकडून उलटं दाबलं गेलं, घाबरू नका, मी १८,००० चा दुसरा पाठवतो, त्यात गेलेलेही परत येतील. फोन ठेवू नका. ताईंनी दुसराही स्कॅन केला. खात्यात तेवढे नव्हते म्हणून तो व्यवहार झाला नाही. तर त्यानं लगेच पुन्हा ९,००० चा पाठवला, आणि तेही गेले. एकूण १८,०००. त्यात चटणीची विक्री होती आणि बँकेच्या हप्त्यासाठी दहा जणींकडून गोळा केलेले पैसेही होते.

ह्या गोष्टीत बघण्यासारखं बरंच आहे, म्हणून आम्ही ती इतकी सावकाश सांगितली. पाच रुपयांचे दहा आले, तो त्याच्या धंद्यातला खर्च होता. फोन ठेवू नका असं तो सारखं म्हणत होता, कारण फोन ठेवला असता तर ताईंनी शेजारणीला विचारलं असतं. आणि पिन.

देवळातली दानपेटी डोळ्यांसमोर आणा. पेटीत पैसे टाकायला किल्ली लागत नाही, वरच्या फटीतून कुणीही टाकतं. किल्ली लागते पेटी उघडून पैसे काढायला. यूपीआयचा पिन म्हणजे ती किल्ली. पैसे येणार असतील तर पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, कुठलंही बटण दाबावं लागत नाही. आपला क्यूआर समोरचा स्कॅन करतो, आपण नाही. पिन विचारला म्हणजे आपल्या खात्यातून पैसे चालले. फार तर शिल्लक बघतानाही तो लागतो, पण ती आपण आपल्या मनानं बघतो, कुणी फोनवर सांगतं म्हणून नाही. हे एवढं घरातल्या प्रत्येक बाईला पाठ असायला हवं, सासूबाईंपासून सातवीतल्या पोरीपर्यंत.

पूर्वी कुणीही आपल्याला पैशाची मागणी, म्हणजे रिक्वेस्ट, पाठवू शकायचं आणि आपण चुकून मान्य करायचो. एका माणसानं दुसऱ्या माणसाला अशी मागणी पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करायला यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं सांगितलं. चांगलं झालं. पण क्यूआर आणि लिंक पाठवणं काही बंद झालेलं नाही, तेव्हा वरची गोष्ट आजही घडू शकते.

मोठी ऑर्डर आली तर काय करायचं, हे आम्ही गटांना असं सांगतो. फोनवर हो म्हणायचं नाही, गटात विचारून उद्या सांगतो म्हणायचं. खऱ्या गिऱ्हाइकाला उद्याची घाई नसते. आगाऊ रक्कम आपण दिलेल्या खाते नंबरवर किंवा आपल्याच क्यूआरवर भरा म्हणायचं. ऑर्डर कागदावर, पत्त्यासह मागायची. सरकारी कार्यालय व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर पाठवून, पाच रुपये देऊन-घेऊन खरेदी करत नाही. प्रदर्शनाच्या स्टॉलचंही तसंच. अमुक शहरात मोठं प्रदर्शन आहे, स्टॉल पक्का करायला आज संध्याकाळपर्यंत दोन हजार भरा, असे फोन येतात. सरस प्रदर्शनासारख्या सरकारी प्रदर्शनाला गटाची निवड अभियानाच्या तालुका आणि जिल्हा कार्यालयातून होते. तिथं विचारा. आमच्यापैकी कुणालाही विचारा, रात्री नऊला फोन केला तरी चालेल.

आता बाजारात बसल्यावरचं बघू. गिऱ्हाईक फोन दाखवतं, हिरवी खूण दिसते, टिंग असा आवाजही येतो, आणि ते पिशवी उचलून चालायला लागतं. खोटी हिरवी खूण दाखवणारी अ‍ॅप्स मिळतात, जुन्या व्यवहाराचा फोटोही दाखवला जातो. गर्दीत आपण त्याच्या फोनकडं बघून मान डोलावतो. त्याच्या फोनकडं बघायचंच नाही. आपल्या फोनवर, आपल्या अ‍ॅपमध्ये पैसे आले का, ते बघायचं. मेसेजवरही जाऊ नका, कारण तसा मेसेज कुणीही टाईप करून पाठवू शकतं. पैसे जमा झाल्याचं बोलून सांगणारा डबा असेल तर काम सोपं होतं. त्याचं महिन्याचं भाडं असतं, ते किती हे घेण्याआधी विचारा, आणि रोजची विक्री बघून ठरवा. आठवड्यातून एकदाच बाजाराला बसणाऱ्या बाईला तो परवडेलच असं नाही. आषाढीला पंढरपुरात दुकान लावणाऱ्या गटांना मात्र आम्ही डबा घ्याच म्हणतो. त्या गर्दीत फोन बघायला कुणाला वेळ आहे? नेट गेलं की डबाही गप्प बसतो, तेव्हा तो बोलला नाही तर पैसे आले नाहीत असंच धरायचं आणि गिऱ्हाइकाला हसून थांबवायचं. "दादा, जरा थांबा, रेंज नाही," एवढं म्हणायला आपल्या बायका लाजतात. खरा माणूस थांबतो.

क्यूआरच्या पुठ्ठ्यावर दुसऱ्याचा क्यूआर चिकटवून जायचं, हाही प्रकार होतो. दिवसभर माल आपण विकायचा आणि पैसे दुसऱ्याला. पुठ्ठा रात्री दुकानाबाहेर टांगून ठेवू नका. सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाला विचारा, स्कॅन केल्यावर नाव कुणाचं आलं? नाव आपलं आलं की झालं. बोट फिरवून वर काही चिकटवलंय का तेही कळतं.

आता एक जरा अवघड प्रकार. यात चोर पैसे नेत नाही, पैसे देतो. फोन येतो, "ताई, पाचशेऐवजी चुकून पाच हजार आले तुमच्याकडं, दवाखान्यात आहे, उरलेले ह्या नंबरवर परत टाका." बऱ्याचदा पैसे आलेलेच नसतात, फक्त तसा मेसेज असतो. तेव्हा आधी अ‍ॅपमध्ये शिल्लक बघा. पण कधीकधी पैसे खरोखर आलेले असतात, आणि ते कुणालातरी फसवून आणलेले असतात. ते आपण चोरानं सांगितलेल्या तिसऱ्याच नंबरवर पाठवले की चोरीचा पैसा आपल्या हातून पुढं गेला. तिकडं ज्याला फसवलं त्यानं तक्रार केली की पैसा ज्या ज्या खात्यातून गेला तिथं बँक ती रक्कम अडवते, कधी अख्खं खातं थांबतं. मग आपण काही केलेलं नसताना आपला धंदा बंद. म्हणून असा फोन आला तर, "तुमच्या बँकेत तक्रार करा, माझ्या बँकेनं सांगितलं की ती परत करेल," एवढंच बोलायचं, आणि आपणही आपल्या बँकेत जाऊन कळवायचं. मनात दया येते, दवाखाना म्हटलं की आपला जीव तुटतो, हे त्यांना चांगलं माहीत आहे.

ह्याच कारणानं पावती पुस्तक ठेवा. पन्नास-शंभराची पावती कुणी फाडत नाही, आम्हीही तसं म्हणणार नाही. पण हजाराच्या वरच्या विक्रीची पावती, गिऱ्हाइकाचं नाव, गाव, माल किती, हे असलंच पाहिजे. उद्या बँकेनं विचारलं हे पैसे कशाचे, तर दाखवायला कागद हवा. आणि कुणी म्हणालं, काकू, तुमचं खातं फक्त वापरायला द्या, एटीएम कार्ड आणि सिम द्या, महिन्याला दोन हजार देतो, तर त्याला दारातूनच परत पाठवा. घरातल्या कॉलेजच्या पोरांनाही हे सांगा, कारण त्यांना गाठून खाती मागितली जातात. त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरवतात, आणि पोलीस येतात ते खात्यावर ज्याचं नाव आहे त्याच्या घरी.

व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या फायलींचं सांगायचं राहिलं. लग्नपत्रिका, पीएम किसानची यादी, गाडीचा दंड, बँकेची केवायसी अशा नावानं फाईल येते आणि नावाच्या शेवटी एपीके अशी तीन इंग्रजी अक्षरं असतात. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे अ‍ॅप. ते दाबून बसवलं की ते फोनमधले मेसेज वाचतं, ओटीपी परस्पर चोराकडं जातो, आणि आपल्याच नावानं तीच फाईल आपल्या सगळ्या ओळखीच्यांना जाते. त्यामुळं ती ओळखीच्या नंबरवरूनच येते, आणि म्हणूनच उघडली जाते. गावाच्या गटात अशी फाईल दिसली तर उघडू नका, ज्याच्या नंबरवरून आली त्याला साधा फोन लावून सांगा. चुकून बसलीच तर आधी फोनचं नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा. फोन दुकानात नेऊन साफ करून घेणं त्यानंतर.

व्हॉट्सअ‍ॅप हीच आपली दुकानाची पाटी आहे. पाच-सहा वर्षांचे गिऱ्हाईक त्या नंबरवर असतात. सहा आकडी कोड आलाय तो जरा सांगा, असं कुणी म्हणालं, अगदी मैत्रिणीच्या नंबरवरून म्हणालं, तरी सांगायचा नाही. तो कोड दिला की आपलं व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या फोनवर उघडतं, आणि मग तो आपल्या गिऱ्हाइकांकडं आपल्या नावानं पैसे मागतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी असते, ती चालू करून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

काही गोष्टी भराभर सांगतो. बँकेचा, गॅसचा, कुरिअरचा मदत क्रमांक गूगलवर शोधू नका, तिथं खोटे नंबर असतात. तो पासबुकावर, कार्डाच्या मागं, पावतीवर छापलेला असतो. फोनवर कुणी म्हणालं, एक अ‍ॅप घ्या म्हणजे मी तुमचा स्क्रीन बघून मदत करतो, तर तुमचं सगळं त्याला दिसणार, पिनसकट. लाडकी बहीणची केवायसी लिंकवरून करून देतो म्हणणाऱ्यांना विचारू नका, अंगणवाडी ताईंना विचारा. मुद्रा कर्ज मंजूर झालं, आधी तीन हजार फी भरा, असं पत्र शिक्क्यासकट येतं. मुद्रा योजना २०१५ पासून आहे, शिशु गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळतं, पण त्यासाठी रीतसर अर्ज करावा लागतो. कुणाच्या खासगी खात्यावर फी भरून कर्ज मिळत नाही. आणि पोलिसाच्या वेशात व्हिडिओवर येऊन तुम्हाला डिजिटल अटक केली म्हणणारा माणूस पोलीस नसतो. अशी अटक कुठल्याही कायद्यात नाही.

ज्यांच्याकडं साधा फोन आहे त्या म्हणतील, आम्हाला काय त्याचं. तुमचा अंगठा आहे ना! आधारवर पैसे देणाऱ्याकडं तुम्ही जाता, तो म्हणतो, अंगठा उमटला नाही, पुन्हा ठेवा. खरोखरच बऱ्याचदा उमटत नाही, शेतात काम करणारे आपले अंगठे झिजलेले असतात. पण प्रत्येक वेळी यंत्रानं काय म्हटलं ते विचारा, व्यवहार झाला नसेल तर तशी पावती मागा, आणि महिन्यातून एकदा पासबुक भरून घ्या. आपली बँक सखी हे करते, तिला सवय आहे, दुसऱ्या कुणाकडं गेलात तरी मागा. आधारच्या अ‍ॅपमधून अंगठ्याला कुलूपही घालता येतं, लागेल तेव्हा उघडायचं. ह्याबद्दल १९४७ ह्या आधारच्या क्रमांकावर विचारता येतं.

आता परत त्या पेटी आणि चावीकडं येतो. आम्ही तीन-चार गटांत एक व्यवस्था लावून बघितली आहे, ती आम्हाला पटली आहे. ज्या ताईंच्या क्यूआरवर विक्रीचे पैसे येतात, त्यांनी त्यासाठी एक वेगळं खातं ठेवायचं, त्यात घरचे पैसे नाहीत, बचतीचे नाहीत, हप्त्याचे तर नाहीतच. दर आठवड्याच्या बैठकीआधी त्यातली रक्कम गटाच्या दोन सह्यांच्या खात्यात वळती करायची आणि वहीत लिहायची. म्हणजे चोर आला तरी आठवड्याची विक्री जाईल, वर्षाची बचत जाणार नाही. यूपीआयची दिवसाची मर्यादा कमी करून घेता येते. विक्रीच्या खात्यातून दिवसाला एक लाख पाठवायची सोय आपल्याला कशाला हवी? फोन उघडायचा आकडा वेगळा, यूपीआयचा पिन वेगळा. पिन फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठीवर लिहिलेला आम्ही डोळ्यांनी बघितलाय, एका ठिकाणी तर दुकानाच्या भिंतीवर कॅलेंडरवर. आणि बँकेत कुठला मोबाईल नंबर दिलाय ते तपासा. मालकांचा जुना नंबर असेल, रिचार्ज नाही म्हणून बंद पडला असेल, तर कंपनी काही महिन्यांनी तो नंबर दुसऱ्याला देते. आपल्या खात्याचे मेसेज मग कुणाकडं जाणार?

एवढं करूनही पैसे गेले तर पहिला फोन १९३० ला करायचा. नवऱ्याला, भावाला, सरपंचाला त्यानंतर. हा सायबर फसवणुकीचा देशभराचा क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत. चोरीचा पैसा एका खात्यातून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या खात्यात पळतो आणि मग एटीएममधून निघतो. तो निघण्याआधी तक्रार पोचली तर वाटेतल्या खात्यात अडवता येतो. म्हणून पहिला तास महत्त्वाचा. फोन करताना बँकेचं नाव, खाते नंबर, रक्कम, वेळ, आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक जवळ ठेवा. तो अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर दाबलं की दिसतो. चोराचे मेसेज, फोटो, नंबर रागानं पुसून टाकू नका, तोच पुरावा. १९३० लागत नसेल तर थांबू नका, सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन ह्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार होते, आणि जवळच्या पोलीस ठाण्यातही.

त्याच दिवशी बँकेत लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला एक परिपत्रक काढलं. त्यात म्हटलंय की चूक आपलीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्यानंच परस्पर पैसे काढले, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत आपण कळवलं, तर नुकसान आपल्यावर येत नाही. चार ते सात दिवस लावले तर काही भाग आपल्यावर येतो. पिन किंवा ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंत गेलेले पैसे आपले, पण कळवल्यानंतर जे जातील ते बँकेचे. म्हणजे चूक आपली असली तरी लवकर कळवण्यात फायदाच आहे. बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते, त्याला फी नाही. अर्ज लिहायला आम्ही मदत करतो.

त्या चटणीवाल्या ताईंनी दोन दिवस कुणालाच सांगितलं नाही. जेवल्या नाहीत, घरचे म्हणाले पित्त झालंय. तिसऱ्या दिवशी हप्ता भरायचा होता म्हणून बोलावं लागलं. १९३० ला तक्रार केली, पण तोवर पैसा निघून गेला होता, एका खात्यात फक्त २,१०० अडकले होते. त्यांना विचारलं, दोन दिवस का थांबलात? म्हणाल्या, "मालक फोन काढून घेतील. आणि गट म्हणेल, हिनंच खाल्ले." ह्या दोन भीती पुष्कळ बायकांच्या मनात आहेत, आणि चोराला त्या फार उपयोगी पडतात.

गटात भांडण झालं, खोटं कशाला सांगू. एक जण म्हणाली, ज्याच्या हातून गेले त्यानं भरावेत. दुसरी म्हणाली, क्यूआर त्यांचा लावायला आपणच सांगितलं ना, तेव्हा कुणी बोललं नाही. तीन बैठका झाल्या. शेवटी ठरलं ते असं. हप्त्याचे पैसे सगळ्यांनी मिळून चटणीच्या नफ्यातून सहा महिन्यांत भरायचे, ताईंवर वेगळा बोजा नाही. आणि पुढं असं झालं तर ज्या बाईनं त्याच दिवशी गटाला आणि १९३० ला सांगितलं, तिच्यावर पैशाची जबाबदारी येणार नाही. हा ठराव इतिवृत्ताच्या वहीत लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या. आमच्या मते तुमच्या प्रत्येक गटात असा ठराव असावा, आणि तो पैसे जाण्याआधी झालेला असावा. नंतर फक्त भांडण होतं. ठरावाचे शब्द तुमचे तुम्ही ठरवा, गटाचा धंदा केवढा आहे त्यावर ते अवलंबून आहे.

घरच्या पुरुषांपैकी कुणी हे ऐकत असेल तर त्यांना एक विनंती. फोन काढून घेतलात तर धंदा बंद पडेल, आणि पुढच्या वेळी तुम्हाला कुणी काही सांगणारही नाही.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही प्रत्येक ग्रामसंघात दुपारी दोन वाजता फोन घेऊन बसणार आहोत. तारीख तुमच्या सीआरपी ताई कळवतील. येताना फोन चार्ज करून आणा, पासबुक आणा, जवळचं दिसत नसेल तर चष्मा आणा. मर्यादा कमी करणं, व्हॉट्सअ‍ॅपची पडताळणी, बँकेतला नंबर तपासणं, हे तिथंच प्रत्येकीनं स्वतःच्या बोटानं करायचं, आम्ही शेजारी बसू. पिन टाकताना मात्र आम्ही तोंड फिरवून बसणार. आम्हालाही तो दाखवू नका.